सहावी मूठ

काल तुमचं तेरावं झालं. आज सकाळी चाँदमियाँ ओसरीच्या खाली उभे राहून म्हणाले, "बाईसाब, नवे कारकूनसाब परवा येनार हायती. घर खाली करावं लागंल." अकरा वर्षं तुमच्या हाताखाली शिपाई म्हणून राहिलेला माणूस, पण हे सांगताना त्यांनी मान वर केली नाही. मी दाराआडून "बरं" म्हणाले.

तुमच्या मेजात कोऱ्या पावत्यांचा गठ्ठा सापडला. एका बाजूला उर्दू छापलेलं, दुसरी बाजू रिकामी. त्या रिकाम्या बाजूवर मी हे लिहिते आहे. सरकारी कागद घरच्या कामाला वापरायचा नाही हे तुम्ही मला कितीदा सांगितलंत. एकदा मी अशाच कागदात हिंग बांधून ठेवला होता, तर तुम्ही हिंग वाटीत काढून कागदाची घडी मोडून तो परत गठ्ठ्यात लावला होता. नंतर वर्षभर त्या गठ्ठ्याला हिंगाचा वास येत होता. अजून येतो.

तेराव्याला आलेली माणसं तुमच्याविषयी चांगलं बोलून गेली. इमानी माणूस, सरकारी धान्यातला दाणा घरी नेला नाही, असं म्हणाले. ते खरंच आहे. आपण अर्धी अर्धी भाकरी खाल्ली आणि घरामागे जमिनीत धान्याचं पेव भरलेलं होतं. तुम्ही चोर नव्हता. चोर असता तर या गावातली दोनचार माणसं जगली असती.

हे तुमच्यासमोर मला कधी बोलता आलं नसतं. मला कुणासमोरच बोलता येत नाही. चारचौघांत माझी जीभ टाळूला चिकटते, हे तुम्ही लग्नानंतर आठ दिवसांत ओळखलं आणि लोकांना सांगत सुटलात, "आमची मंडळी गाय हाय." आता तुम्ही मध्येच बोलून मला थांबवू शकत नाही, एवढी सोय झाली आहे.

त्या सकाळी तुम्हाला सांगायचं एक वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. चार शब्दांचं. ते मी बोलले नाही आणि तुम्ही गेलात. का बोलले नाही, ते मला घर सोडायच्या आधी लिहून काढायचं आहे. उद्या माझा भाऊ न्यायला येईल. त्याच्या घरी लिहायला जागा मिळेलच असं नाही.

मी इंग्रजी मुलखातली, शेवगावकडची, शाळामास्तराची मुलगी, म्हणून चौथीपर्यंत शिकलेली. तुम्ही गेवराईचे. तुम्हाला मोडी येई, उर्दू येई, आणि माझ्या बाळबोध अक्षराकडे बघून तुम्ही म्हणायचात, "हे इथं मोगलाईत कुणाला लागतंय?" हा नाका बरोबर दोन मुलखांच्या मध्ये. रस्त्यावर आडवा टाकलेला एक लांब बांबू, त्याच्या एका टोकाला बांधलेला दगड, शेजारी तुमची खोली आणि खोलीमागे आपलं घर. बांबूच्या पलीकडे माझं माहेर, अलीकडे तुमची नोकरी.

पहिली काही वर्षं चांगली होती. तुमचं खातं करोडगिरीचं. येणाऱ्या जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची आणि बांबू वर करायचा. मीठ, गूळ, कातडी, कापड, सुपारी. तुम्ही मिठाचा खडा माझ्या तळहातावर ठेवून चाखायला लावायचात आणि सांगायचात, हे समुद्राचं, हे खाणीचं. गाडीवानांना आधी पाणी द्यायचात आणि मग माल विचारायचात. एकदा कुणीतरी म्हणालं, कारकूनसाहेब, तुमी लई लवकर सोडता. तेव्हा तुम्ही हसून सांगितलंत, "आपलं काम अडवायचं न्हाई बाबा. माल चालला तर खातं चालतं. माल थांबला की आपली चूल थांबली."

आणि ओटीची रीत. ती कुठल्याही कायद्यात नव्हती. माहेरवाशीण ओटी भरून सासरी निघाली, की नाक्यावरच्या कारकुनाने तिच्या ओच्याकडे बघायचं नाही. ओटीतल्या दाण्यांना जकात नाही, विचारणा नाही. तुमच्या आधीचे कारकून हे पाळत आणि तुम्हीही पाळलंत. बाई समोर आली की तुम्ही खुर्चीवरून उठायचात आणि तोंड भिंतीकडे करून उभे राहायचात. ती गेली की चाँदमियाँ खाकरत आणि तुम्ही परत बसायचात.

मी पहिल्यांदा माहेराहून ओटी भरून परत आले तेव्हा माझ्यासाठीही तुम्ही तसेच उभे राहिलात. मी तुमची बायको, तुमच्याच घरात चाललेली, आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत होता. तुमचे खांदे हलत होते. हसू आवरत होता. मी चाँदमियाँच्या समोर मान खाली घालून गेले आणि घरात येऊन एकटीच हसले. तुमच्याबद्दल मला चांगलं आठवायचं झालं की मी तुमची ती पाठ आठवते.

मग ती दूरदेशीची लढाई लांबली, आणि लागोपाठ पाऊस फसला. पलीकडे नगरच्या बाजूला धान्य अलीकडच्यापेक्षा फार महाग झालं. व्यापाऱ्यांच्या गाड्या रांगेनं नाक्यावर उभ्या राहू लागल्या. आणि हैदराबादेहून हुकूम आला.

हुकूम आला की तुम्ही तो जेवताना मला मराठीत करून सांगायचात. याबद्दल मी तुमची ऋणी आहे. बाकीच्या बायकांना नवरे भाजीत मीठ कमी आहे एवढंच सांगत. तुम्ही मला हैदराबादेत काय चाललंय ते सांगत होता. त्या दिवशी तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "धान्याचा एक दाणा आता रियासतीबाहेर जायचा न्हाई. काल आपण वाट सोडायला बसलो होतो. आज वाट धरायला बसायचं."

"पण पलीकडं लोक उपाशी आहेत," मी म्हणाले.

"आणि अलीकडं? सगळं व्यापाऱ्यानं पलीकडं नेलं तर इथला कोष्टी काय खाईल, सूत? सरकारनं पहिल्यांदा शहाणपणा केलाय."

मला ते पटलं. आजही थोडं पटतं. तुम्ही दुष्ट माणूस होता असं मला लिहिता आलं असतं तर हे सगळं सोपं झालं असतं.

पण महिन्याभरात परवाने आले. काही व्यापाऱ्यांना बीडहून शिक्क्याचा कागद मिळू लागला, आणि ज्याच्याकडे कागद त्याच्या गाडीला तुम्ही बांबू वर करू लागलात. मी खिडकीतून गाड्या जाताना बघायची. पायी निघालेली माणसं, डोक्यावर गठुडं घेतलेली, तुम्ही परत पाठवायचात. एकदा मी विचारलं, "गाड्या जातात आणि गठुडी अडतात, ते कसं?"

"गाडीला परवाना हाय. गठुड्याला न्हाई."

"गठुड्याला कोण देणार परवाना?"

तुम्ही म्हणालात, "तू भाकरी वाढ."

हे भांडण आपलं दोन वर्षं चाललं. कधी पूर्ण झालं नाही.

मग बायकांनी ओट्या भरायला सुरुवात केली. गठुडं अडतं, पोतं अडतं, पण भरल्या ओटीकडे नाक्यावाला बघत नाही, हे सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. एकेक बाई आठवड्यात तीनदा सासरी जाऊ लागली. सत्तर वर्षांची म्हातारी ओटी भरून निघाली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे आणि मागून बाया चाललेल्या. चाँदमियाँ म्हणाले, "साब, ह्या म्हातारीचं म्हायेर कवाच गेलं वर. हिची ओटी कुनी भरली?" तेव्हा तुम्हीसुद्धा हसलात. बीडचे अमीनसाहेब तपासणीला आले तेव्हा मात्र त्यांनी ते बघितलं, आणि ते हसले नाहीत.

ओट्या तपासा म्हणाले, आणि विचारलं, बायांना हात कोण लावणार? मी आतून ऐकत होते. तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. म्हणालात, "आमची मंडळी आहे की, साहेब. चौथी शिकलेली आहे."

मी शिकलेली असल्याचं तुम्ही अभिमानानं बोललात ते तेवढ्या एकदाच.

घोंगडीचा आडपडदा बांधलात. आत मी, एक पितळी परात आणि एक पत्र्याचा डबा. बाईनं ओटी परातीत रिकामी करायची. ओटी पाच मुठींची असते, ही शास्त्राची गोष्ट, म्हणून पाच मुठी तिला परत द्यायच्या. उरलेलं डब्यात. तुम्ही घोंगडीबाहेरून मला समजावून सांगितलंत, जसं एखाद्या नव्या उमेदवार कारकुनाला सांगावं: "पाच मुठी म्हंजे ओटी. सहावी मूठ म्हंजे निकासी, बाहेर चाललेला माल."

मी विचारलं, "मूठ कुणाची?"

तुम्ही विचार केलात. मग म्हणालात, "तुझी. तुझी मूठ ल्हान हाय."

तुम्ही माझ्यावर कधी हात उचलला नाही. बाया विचारतात, म्हणून हे लिहून ठेवते. पण त्या दिवशी जे केलंत ते मारण्यापेक्षा वाईट होतं. माझी मूठ सरकारी माप झाली. ज्या बायांसमोर मला डोळा वर करून बघता येत नव्हतं, त्यांच्या ओच्यात मी हात घालू लागले. त्या मला कारकुनीणबाई म्हणायच्या आणि नंतर आडावरच्या गप्पांत मला काय म्हणायच्या ते चाँदमियाँ तुम्हाला सांगत नव्हते, मला सांगत होते. एक म्हणाली, "कारकुनीणबाईची मूठ बगा, चिमणीची चोच." दुसरी म्हणाली, "तिची सोताची वटी कधी पिकली न्हाई, म्हून दुसऱ्याच्या वटीला ही मूठ." आपल्याला मूल नव्हतं, ते वर्म तिनं बरोबर गाठलं.

तुम्ही बाहेर बसून आवाजावरून अंदाज घ्यायचात. उरलेले दाणे पत्र्याच्या डब्यात पडले की किती शेर ते तुम्हाला कळायचं. तुम्ही न बघता आकडा लिहायचात, आणि नंतर मापलं की तो जुळायचा. याचा तुम्हाला फार आनंद व्हायचा. नारळ मात्र तुम्ही परत द्यायला लावायचात. "नारळ धान्य न्हाई. देऊन टाक." एक पोरसवदा सून नारळ आणि पाच मुठी घेऊन रडत उभी राहिली, तर तुम्ही बाहेरून म्हणालात, "रडायला परवाना लागत न्हाई, बाई. पलीकडं जाऊन रड."

त्या वाक्यावर रांगेतली माणसं हसली. तुम्हाला लोकांनी हसलेलं आवडायचं. पूर्वी ते तुमच्या चांगल्या बोलण्याला हसत.

आता सरूबाईचं लिहिते.

सरूबाई या गावची लेक, सासर पलीकडे. अंगानं दणकट, बोलायला फटकळ. डोहाळ्यांना माहेरी आली होती, सातवा महिना लागला, डोहाळजेवण सासरी व्हायचं म्हणून परत निघाली. त्याच्या आदल्या आठवड्यात दोन बाया पोटाला धान्य बांधून जाताना सापडल्या होत्या. एकीच्या पोटातून चालता चालता ज्वारी गळायला लागली आणि चाँदमियाँच्या कोंबड्या तिच्या मागे लागल्या. त्यामुळे तुमचा पोटुशा बायकांवरचा भरवसा उडाला होता.

सरूबाईनं ओटी परातीत ओतली. मी पाच मुठी परत दिल्या. तुम्ही बाहेरून म्हणालात, "पोट बघ."

मी म्हणाले, "दिवस गेलेत तिला."

"त्या दोघींनाबी गेले होते. बघ."

मी सरूबाईकडे बघितलं. मला हात लावायचा धीर होईना. तेवढ्यात घोंगडीच्या फटीतून तुमचा हात आत आला. हातात पोत्यात खुपसून माल बघायची लोखंडी सळई होती. तुम्ही म्हणालात, "हात लावायला लाजतीस तर हिनं बघ."

मी ती घेतली. तुम्ही दिलीत हे खरं, पण घेतली मी. टोक नव्हे, बाजू तिच्या पोटावर लुगड्यावरून टेकवली. हिवाळ्याची सकाळ होती, लोखंड गार होतं. आतलं मूल हललं. सळईतून माझ्या हाताला ते कळलं.

"काय हाय?" तुम्ही विचारलंत.

"मूल आहे," मी म्हणाले.

"मग सोड," तुम्ही म्हणालात आणि पुढच्या बाईला हाक मारलीत.

सरूबाईनं पदर सारखा केला. जाताना एवढंच म्हणाली, "वयनी, तुमी तरी."

त्या रात्रीपासून आपण बोलणं कमी केलं, म्हणजे मी केलं. तुमच्या ते लक्षात आलं नसावं, मी आधीच कमी बोलायची. पण एक गोष्ट मी सुरू केली, ती तुम्हाला कधी सांगितली नाही. मी मूठ सैल करू लागले. बोटं फाकवून, ओंजळीसारखी करून, वर रास येईल अशी. तोंडानं एक, दोन, तीन असं पाचपर्यंत म्हणायची, आणि त्या पाचांत आठ बसायच्या. बायांना पहिल्या मुठीलाच कळायचं. कुणी कधी शब्द बोललं नाही. डब्यात पडणारे दाणे दिवसेंदिवस कमी होत गेले.

तुम्हाला आवाजावरून शेर कळायचा. मग हे कळलं नाही का? मी रोज वाट बघत होते की तुम्ही घोंगडी बाजूला कराल. तुम्ही केली नाहीत. आकडा लिहीत राहिलात. एकदाच, जेवताना, माझ्या हाताकडे बघून म्हणालात, "तुझी मूठ वाढली का गं?" मी भाकरी वाढली. तुम्ही ताक मागितलंत. तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही परत भिंतीकडे तोंड केलं होतं, की तुमचे कान थकले होते, हे आता कुणाला विचारू? कळलं असेल, तर मी तुमच्याशी फार वाईट वागले. कळलं नसेल, तरी वागलेच.

अडवलेलं धान्य बीडला न्यायला गाडी यायची होती, ती आली नाही. इथल्या गरिबांत वाटायचा हुकूमही आला नाही. उंदीर झाले, म्हणून तुम्ही घरामागे पेव खणून घेतलंत. बारीक तोंडाचं खोल भुयार, आत कडबा लावलेला, वरून दगड आणि चिखलानं लिंपलेलं. त्याच जागेवर गावातले लोक येऊन हात पसरायचे आणि तुम्ही सांगायचात, "हुकूम न्हाई."

पेव लिंपत होते तेव्हा सरूबाई बाळंतपणासाठी माहेरी परतली होती. मुलगी झाली होती. गाव तिला करोडी म्हणतं, करोडगिरीनं आधी तपासून सोडलेली म्हणून. सरूबाई सव्वा महिन्याच्या पोरीला काखेत घेऊन आडावरून चालली होती. कुंपणापाशी थांबली, पेवाकडे बघितलं आणि मला म्हणाली, "वयनी, ह्ये उघडाल तवा आदी दिवा सोडा आत. दिवा इजला तर मानूस उतरायचा न्हाई. माजा सासरा असाच गेला. वाफ आसती, दिसत न्हाई."

तिनं हे मला का सांगितलं, मला माहीत नाही. मी तिच्या पोटाला सळई लावली होती. तिला सांगायचं काही कारण नव्हतं.

ते चार शब्द हेच. पेवात आधी दिवा सोडा.

मग पुन्हा हुकूम बदलला. लढाई संपली होती, बंदी उठली. तुम्ही संध्याकाळी जेवताना सांगितलंत: धान्य आता मोकळं, नाका परत जकातीचा. आणि पेवातला साठा परवानेवाल्या व्यापाऱ्याला द्यायचा, तो पलीकडे नेणार.

"पलीकडं?" मी विचारलं.

"हां."

"मग अडवलं कशाला?"

तुम्ही हातातला घास परत ताटात ठेवलात. मग म्हणालात, "तवाचा हुकूम तवाचा." भाकरी अर्धी ठेवून उठलात. हात धुताना तुमची पाठ माझ्याकडे होती, आणि खांदे हलत नव्हते. तुम्ही म्हणालात, "उद्या बोलू." मला वाटलं, आता खरंच बोलाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमीनसाहेब लिंबाखाली बाजेवर बसलेले, व्यापाऱ्याच्या गाड्या जुंपलेल्या. मजुरांनी दगड सरकवला. आंबूस वास घरापर्यंत आला. मजूर मागे सरले. एक जण म्हणाला, "साहेब, आज ऱ्हाऊ द्या. वाफ निगू द्या. उद्या उतरू."

तुम्ही म्हणालात, "वाफेचं निमित्त न्हाई पायजे. तुमाला रातच्याला येऊन चार पायल्या काढायच्या असतील."

अमीनसाहेबांना गेवराई गाठायची होती. ते घड्याळ बघत होते. तुम्ही कोट काढलात, घडी करून चाँदमियाँच्या हातात दिलात, कमरेला दोर बांधलात. तुम्ही कारकुनाच्या घरातले, तुमच्याकडे पेव कधी नव्हतं. धान्य म्हणजे तुम्हाला वहीतला आकडा आणि डब्यातला आवाज.

मी मागच्या दारात उभी होते. माझ्या मागे देवाजवळ समई जळत होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला काहीतरी बोलायचंय हे तुम्हाला दिसलं, एवढं तुम्ही मला ओळखत होता. साहेबांसमोर बायको दारात उभी, हेही तुम्हाला दिसलं. तुम्ही म्हणालात, "आत जा."

मी आत गेले. दार लोटलं. नंतर मी दार उघडून ओरडले, चाँदमियाँनी दोर ओढला, तुम्हाला वर काढलं. तुमच्या केसांत ज्वारी होती.

तिसऱ्या दिवशी गाड्या गेल्या. मी सुतकात, कोपऱ्यात बसलेली, पण खिडकी तिथून दिसते. ज्या ज्वारीतली मूठ मूठ मी मोजून काढली होती, ती बांबूखालून पलीकडे गेली. शिक्क्याचा कागद बघून चाँदमियाँनी बांबू वर केला. गाडीवान गाणं म्हणत होता.

दहाव्यानंतर बाया भेटायला आल्या. सरूबाईही आली. करोडी आता चालायला लागली आहे. तिनं तुमची सळई कोपऱ्यातून ओढून आणली आणि आईनं तिच्या हातातून ती काढून परत होती तिथे ठेवली. सगळ्या बाया उठल्यावर सरूबाई मागे राहिली. हळूच म्हणाली, "वयनी, दिवा सोडला न्हवता का?"

मी मान हलवली. नाही.

तिनं पोरीला काखेत घेतलं. मग म्हणाली, "इसरला आसाल. घाईत इसरतं मानूस." तिनं मला वाट सोडून दिली. तिला मला सळईनं तपासायचं नव्हतं.

चाँदमियाँ आज जाताना म्हणाले, "बाईसाब, तुमी कायबी बोलला असता तरी साब ऐकले नस्ते. मजुराचं ऐकलं का?" ते माझं मन राखायला बोलले. पण ते खरं नाही. मजुरांना तुम्ही चोर समजत होता. मला नाही. दोन वर्षं तुम्ही माझ्या तोंडचे पाच लिहून घेतलेत, एकदाही घोंगडी उचलून बघितलं नाही. मी दारातून "दिवा" एवढं म्हटलं असतं, तर तुम्ही चिडला असता, साहेबांसमोर शरमला असता, आणि थांबला असता.

लाजले म्हणून बोलले नाही, असं मी तेरा दिवस स्वतःला सांगितलं. सगळ्यांना ते पटेल. गाय आहे, तिला काय बोलता येणार. तुम्ही आत जा म्हणालात, मी आत गेले, यात माझं काय चुकलं, असंही सांगितलं.

उद्या भाऊ येईल. बांबूखालून मी पलीकडे जाईन. माझी ओटी आता कुणी भरायची नाही, तेव्हा कुणाला भिंतीकडे तोंड करावं लागणार नाही. ही पानं मी बरोबर नेणार नाही. गठ्ठ्यात परत लावून ठेवेन, छापील बाजू वर करून. सरकारी कागद सरकारजवळ राहील.

फक्त हे राहिलं. दार लोटल्यावर मी समईसमोर उभी राहिले आणि माझा उजवा हात आपोआप मिटला. मी मोजायला लागले. एक. दोन. घोंगडीआड मोजायची तशीच, सावकाश. मूठ सैल नव्हती. पहिल्या दिवसांसारखी घट्ट होती, लहान. बाहेर दोर घासल्याचा आवाज आला, मग आलाच नाही, तरी मी मोजत होते. तुमच्या वाट्याच्या पाच मुठी मी तुम्हाला पूर्ण मोजून दिल्या. सहावीला दार उघडलं.